ओझ्याखाली कोणीही नाही

सकाळी गोदामाचं शटर वर गेलं, तेव्हा जमिनीवर खडूने काढलेल्या जिन्यावर काका उभे होते. बरोबर सगळ्यात खालच्या पायरीवर. दोन्ही पाय फाकून, हात कमरेवर, जणू वरून खरंच काही येणार आहे आणि ते त्याला अडवणार आहेत.

भोंगा दारातच थबकली. तो जिना तिने काल संध्याकाळभर गुडघ्यांवर रांगत काढला होता. पायऱ्या, मधला चौक, खालचा व्हरांडा, दोर कुठून कुठे जाणार, आणि माणसं. प्रत्येक माणसाचा एक गोल. काकांच्या चपलांखाली दोन पायऱ्या पुसल्या गेल्या होत्या.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"पियानोचा जिना."

"ते दिसतंय. हे काय आहे ते विचारतोय." त्यांनी चप्पल खालच्या पायरीवर आपटली. तिथे काहीच नव्हतं. नुसती मोकळी फरशी.

"तिथे कोणी उभं राहणार नाही, काका."

काकांनी मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं, विनोद झालाय आणि हसायचं राहिलंय अशा थाटात. कोणी हसलं नाही. पण कोणी भोंग्याच्या बाजूनेही बोललं नाही.

भोंगा हे नाव आजोबांनी ठेवलेलं. लहानपणी ती रडायला लागली की समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत येत. पुढे ती मोठी झाली, रडायची थांबली, पण नाव काही थांबलं नाही. आणि आता तर त्या नावाला भलताच अर्थ आला होता, कारण घराची हाक तिच्याकडे आली होती.

जड सामान हलवणाऱ्या या घरात वाद कशावरूनही होत. चहात साखर किती इथपासून. एका गोष्टीवरून मात्र कधीच झाला नव्हता: ओझं हललं की बोलायचं ते एकाच माणसाने. 'धर', 'सोड', 'थांब'. बाकीच्यांनी खोकायचंसुद्धा नाही. दोन तोंडं उघडली की हातांना कळत नाही कुणाचं ऐकायचं, आणि मग ओझं आपल्या मनाने वागतं. आजोबांनंतर हाक बाबांकडे होती. मग बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाजाच्या जागी नुसती हवा उरली. आता काका, असं काकांना वाटलं. खरं तर सगळ्यांनाच वाटलं. बाबांनी हॉस्पिटलच्या पलंगावरून बोट उचललं ते दाराशी सफरचंद सोलत बसलेल्या भोंग्याकडे. काका त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. पुढचे सहा महिने मात्र त्याच विषयावर बोलत होते.

"बसा तरी," आत्या म्हणाली. ती बाबांची आणि काकांची मोठी बहीण. घरातल्या सगळ्या पट्ट्यांची आणि रजयांची शिवण तिच्या हातची. तोंडात दोरा धरून बोलायची तिला सवय होती. "उभ्याने भांडलं की लवकर संपतं, आणि मग मलाच परत बोलावं लागतं."

सगळे गुंडाळलेल्या रजयांवर टेकले. आत्याची जुळी एका रजईवर, बाबा गरम पाण्याचा थर्मास घेऊन कोपऱ्यात, काकांचा मुलगा पैलवान भिंतीला टेकून उभाच, कारण तो बसला की रजयांचं काही खरं नसे. काका मात्र खडूच्या पायरीवरून हलले नाहीत.

काम सगळ्यांना माहीत होतं. संगीतशाळा दुसऱ्या इमारतीत चालली होती, आणि वरच्या मजल्यावरच्या हॉलमधला भला मोठा पियानो आणि त्यामागून एक छोटा, उभा पियानो खाली आणायचा होता. लिफ्टमध्ये ते मावत नव्हते. गल्ली इतकी अरुंद आणि वर तारांचं असं जाळं, की क्रेनचा प्रश्नच नव्हता. उरला जिना. आणि जिना म्हटलं की या घराची एक ठरलेली पद्धत होती: ओझं आडवं करून लाकडी घसरपाटीवर बांधायचं, दोघांनी वरून धरायचं आणि सगळ्यात दणकट माणसांनी खाली उभं राहून खांदा लावायचा. काका वयाच्या सोळाव्या वर्षापासून त्या जागी उभे होते.

भोंग्याचं म्हणणं उलटं होतं. दोर वरच्या जाड खांबाला वेढे घालून सोडायचा. वजन दोराने आणि खांबाने पेलायचं, माणसांनी फक्त दोर हळूहळू ढिला करायचा. खाली कोणीही नको. आठवडाभर तिने गोदामातल्या उतरणीवर वाळूची पोती भरलेलं कपाट असं वरखाली करून दाखवलं होतं. जुळ्यांनी तर एकदा एकेका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने केळी खाल्ली.

"उतरण म्हणजे जिना नाही," काका म्हणाले. "आणि वाळूचं पोतं म्हणजे पियानो नाही."

"नाहीच," भोंगा म्हणाली.

काकांनी आणखी बरंच ऐकवलं. दोर तुटला तर काय. या घराला लोक बोलावतात ते आपण ओझ्याखाली उभे राहतो म्हणून. दोर काय, कोणीही बाजारातून आणेल. आणि मग, भोंग्याला वाटलंच होतं, आजोबांची गोष्ट आली. आजोबांनी एकदा एकट्याने लोखंडी कपाट जिन्यात पाठीवर तोलून धरलं, बाकीचे येईपर्यंत, दात आवळून, पण सोडलं नाही. ही गोष्ट या घरात प्रत्येक बारशाला, लग्नाला, नव्या टेम्पोच्या वेळी सांगितली जायची. जुळ्यांना तर ती पाठ होती. त्यांचे ओठ हलत होते.

"आणि त्यानंतर?" भोंग्याने विचारलं.

"त्यानंतर काय?"

"आजोबांचं त्यानंतर काय झालं?"

 ही गोष्ट तिथेच संपायची, कायमच. आत्याने तोंडातला दोरा काढला.

"त्यानंतर मी त्यांना भरवायचे," ती म्हणाली. "हात वर जात नव्हता त्यांचा. पाण्याचा तांब्या नाही उचलला पुन्हा. मी तेव्हा शाळा सोडली."

 आत्याने सुईत पुन्हा दोरा ओवला, पहिल्याच प्रयत्नात, आणि जोडलं, "मला पोरीचा दोर आवडतो असं नाही. मला तो कपाटाचा किस्सा आवडत नाही, एवढंच."

भोंग्याला आणखी एक गोष्ट सांगायची होती, पण ती कशी सांगणार? की या घरातले चाळिशीपुढचे सगळे पुरुष जिना आडवे उतरतात. खेकड्यासारखे, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एका वेळी एक पायरी. लहानपणी तिला वाटायचं, मोठी माणसं अशीच उतरतात. ती शाळेच्या जिन्यावर तशी चालून दाखवायची आणि मैत्रिणी हसायच्या.

काका अखेर पायरीवरून उतरले. "ठीक आहे," ते म्हणाले. "हाक तुझी आहे, तू म्हणशील तसं. पण मध्येच एकदा जरी 'खांदा' म्हणालीस, एकदा जरी आम्हाला खाली बोलवावं लागलं, तर हाक माझी. आजपासून. कबूल?"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा थर्मासचं झाकण लावत होते. ते लावायला इतका वेळ लागत नाही.

"कबूल," भोंगा म्हणाली.

*

संगीतशाळेत पोचल्यावर दोर लागायच्या आधीच तोंडघशी पडायची वेळ आली.

पियानोचे पाय काढून, त्याला रजयांत गुंडाळून, घसरपाटीवर पट्ट्यांनी आवळून झालं होतं. शाळेच्या बाई दाराशी उभ्या राहून प्रत्येक गाठीला दचकत होत्या. भोंग्याने जिन्याच्या तोंडाशी असलेल्या जाड खांबाकडे बोट दाखवलं. दोर त्याला घालायचा होता. पैलवान खांबापाशी गेला आणि बोटाने टकटक केलं. मग मुठीने. आवाज डब्याचा आला.

"पोकळ आहे," तो म्हणाला. पैलवान दिवसाकाठी फार तर वीस शब्द बोलायचा. त्यातले दोन असे खर्च झाले.

भोंग्याचे कान तापले. ती दोनदा येऊन जिना मोजून गेली होती, पायऱ्यांची उंचीसुद्धा पाहिली होती, आणि खांब वाजवून पाहायचं तिला सुचलं नव्हतं. वरून लाकडी फळ्या, आत हवा.

"पहिलाच खांब पोकळ," काका म्हणाले, कुणाकडेच न बघता.

आता सगळंच गुंडाळावं, असं तिला वाटून गेलं. ज्याला खांब कळत नाही त्याला दोर काय कळणार? मग तिने स्वतःला एक साधा प्रश्न विचारला: खांब पोकळ निघाला म्हणून खाली उभं राहणं सुरक्षित झालं का? नाही झालं. म्हणजे चुकलं ते एवढंच, खांबापुरतं. बाकीचं जिथल्या तिथे होतं.

"खांब बघण्यात मी चुकले," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "पैलवान, तू काय करशील?"

पैलवानाने हॉलच्या दाराकडे पाहिलं. भिंत दगडी होती, हातभर जाड. टेम्पोतली मोठी तुळई आतल्या बाजूने दाराला आडवी लावली, तर ओढ भिंतीवर जाईल. त्याने हे सगळं हातांनीच सांगितलं.

"तसंच कर," भोंगा म्हणाली.

तुळई लागली. दोराचे वेढे पडले. दोरावर पैलवान आणि जुळी. भोंगा जिन्याच्या तोंडाशी, भिंतीच्या कडेला. आत्या हॉलमध्ये बाईंना खुर्चीवर बसवून त्यांचा हात धरून. बाबा खाली व्हरांड्यात, उजवीकडच्या भिंतीशी. भोंग्याला वरून घसरपाटीची पुढची कड दिसणार नव्हती, म्हणून बाबांनी तिचे डोळे व्हायचं होतं. हात वर म्हणजे थांब. काका जिन्यात मधल्या चौकात कठड्याला टेकून होते, हाताची घडी घालून.

"सोड," भोंगा म्हणाली.

तिची हाक मोठी नव्हती. सगळ्यांना वाटायचं भोंगा म्हणजे ओरडणार. पण तिच्या लक्षात आलं होतं की हळू बोललं की माणसं जास्त ऐकतात.

दोर कुरकुरला. पियानोने पहिल्या पायरीवरून नाक खाली केलं आणि आतून कुठूनतरी एक जाड सूर उमटला, पोटातून आल्यासारखा. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, आत्याने बसवल्या.

"सोड. सोड. धर. सोड."

एकेक पायरी. घसरपाटी मधल्या चौकापर्यंत आली, काकांच्या समोरून गेली, चौक ओलांडला, पुढच्या पायऱ्यांवर उतरली. भोंग्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि तिला आतून गाणं म्हणावंसं वाटत होतं.

आणि बाबांचा हात वर गेला.

"थांब."

सगळं जिथल्या तिथे थांबलं. घसरपाटीची मागची बाजू किंचित तिरकी झाली होती. पुढे काहीतरी अडलं होतं, डाव्या अंगाला. बाबा उजवीकडे होते. त्यांनी मान लांब करून पाहिलं आणि खांदे उडवले. त्यांनाही दिसत नव्हतं.

तेवढ्यात काका हलले. त्यांनी काही विचार केला असेल असं वाटलं नाही. माणूस ठेचकाळलेल्या मुलाला धरायला धावतो तसे ते कठड्याच्या बाजूने झरकन खाली गेले, घसरपाटीच्या पुढे वळले आणि पाठ वाकवून खांदा लावून उभे राहिले. चाळीस वर्षांची जागा. पाय आपोआप फाकले.

"मी आहे," ते म्हणाले. "सोड रे, हळूच सोड."

ते पैलवानाला उद्देशून होतं. स्वतःच्या मुलाला.

जिन्यात दुसरा आवाज उमटला होता. ओझं दोरावर असताना, या घरात, दुसरा आवाज. जुळ्यांचे चेहरे पांढरे पडले. त्यांची मान एकदा काकांच्या दिशेला, एकदा भोंग्याकडे.

भोंग्याने खाली बाबांकडे पाहिलं. त्यांनी काहीतरी करावं, एक बोट हलवावं. काका धाकटे भाऊ होते त्यांचे. त्यांनी नुसतं 'ये बाहेर' असं दाखवलं असतं तरी झालं असतं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग उचललेला हात सावकाश खाली आणला आणि पँटच्या खिशात घातला.

म्हणजे हे तिचंच होतं.

"काका," ती म्हणाली, "बाजूला या."

"तू सोडायला सांग. मी घेतो."

"तुम्ही खाली आहात तोवर मी 'सोड' म्हणणार नाही. संध्याकाळ झाली तरी."

"ते टांगून ठेवणार तू? माझ्या डोक्यावर?"

"मी नाही ठेवलं. तुम्ही डोकं खाली आणलंत."

काकांनी मान वर केली. खालून त्यांना भोंगा दिसत नसणार, पियानोचं रजईतलं पोट तेवढं दिसत असणार. त्यांनी पुन्हा मुलाला हाक मारली, यावेळी नावाने, लहानपणच्या, जे घरात कुणी वापरत नव्हतं. "सोड रे बाळा. बाप सांगतोय."

पैलवान ना बापाकडे पाहत होता, ना चुलत बहिणीकडे. तो दोराकडे पाहत होता. ओझं हललेलं असताना बोलायचं नसतं, म्हणून तो काहीच बोलला नाही. त्याने दोराचा मागचा भाग उचलला, आणि तुळईला आणखी एक वेढा घातला. घट्ट. मग त्यावर आणखी एक.

त्या वेढ्यांचा आवाज खालपर्यंत गेला. काकांना तो ओळखू आला असणार, कारण दोर सुटतानाचा आणि आवळतानाचा आवाज वेगळा असतो. आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं की आपण काय केलं. बाबांच्या हाकेत, आजोबांच्या हाकेत, इतक्या वर्षांत ज्या माणसाने कधी शिंकसुद्धा दिली नव्हती, तो बोलला होता.

ते बाहेर आले. आडवे, एका वेळी एक पायरी, कठडा दोन्ही हातांनी धरून. व्हरांड्याच्या डाव्या भिंतीशी जाऊन टेकले आणि चेहऱ्यावरून रुमाल फिरवत राहिले.

 भोंगा स्वतः घसरपाटीच्या कडेकडेने, भिंतीला घासत खाली गेली. डाव्या बाजूला पायरीच्या कडेची पितळी पट्टी उखडून वर आली होती, आणि घसरपाटीचं लाकूड तिच्यात रुतलं होतं. एवढंच. ती वर परतली.

"वर घे. टीचभर."

तिघांनी जादाचे वेढे काढून ओढलं. लाकूड सुटलं. "थांब." तिने बाजूने एक फळी पट्टीवर सरकवली, आणि पुन्हा जागेवर आली.

"सोड."

पियानो उतरला. शेवटच्या पायरीवरून जमिनीवर टेकताना पुन्हा तोच जाड सूर उमटला. बाई धावत आल्या आणि रजईवर हात ठेवून उभ्या राहिल्या, नाडी बघावी तसा. दोर तुटला नव्हता. काकांच्या जागी काही कोसळलंही नव्हतं. काहीच झालं नव्हतं.

*

पाणी फिरलं. जुळ्यांनी बिस्किटांचा पुडा संपवला. वरचा छोटा, उभा पियानो अजून बाकी होता. भोंगा व्हरांड्यात घसरपाटीची पट्टी सोडवत होती, तेव्हा काका तिच्यापाशी येऊन उभे राहिले.

"मी खाली राहिलो असतो तरी काही झालं नसतं," ते म्हणाले.

भोंगा पट्टी सोडवत राहिली. "नसतंच झालं, बहुतेक."

त्यांनी वादाची तयारी केली होती. समोरून काही आलंच नाही. ते तिथेच घुटमळले. दाराबाहेर पैलवान टेम्पोची फळी लावत होता. काकांनी त्याला ऐकू जाणार नाही इतका आवाज खाली आणला.

"ते खडूचं तू काढलंस," ते म्हणाले. "त्यात सगळे होते. जुळीसुद्धा होती. आत्याला खुर्चीसकट काढलंस." त्यांनी रुमालाची घडी केली, उलगडली. "मग मी कुठं उभं राहायचं?"

भोंग्याचे हात थांबले.

तिने सकाळचा जिना डोळ्यांसमोर आणला. दोरावर तीन गोल. बाबांचा गोल. तिचा. आत्याचा. खालच्या पायरीवरचा गोल तिने काढलाच नव्हता, आणि त्याचा तिला केवढा अभिमान होता. पण त्या गोलातला माणूस पुसला म्हणून तो जातो कुठे? काका सकाळी तिच्या कल्पनेवर पाय देऊन उभे नव्हते. ते स्वतःला शोधत होते.

ती उठली. खिशात खडूचा तुकडा होता. व्हरांड्याच्या डाव्या बाजूला, बाबांच्या बरोबर समोर, भिंतीपासून दोन पावलं सोडून ती वाकली आणि फरशीवर एक गोल काढला, चांगला मोठा.

"डावी बाजू बाबांना दिसत नाही," ती म्हणाली. "मलाही नाही. ती पितळी पट्टी त्यामुळेच कळली नाही. मला इथे डोळे हवेत, आणि जिना ज्याला पायांनी पाठ आहे असा माणूस हवा. पण बोलायचं नाही, काका. फक्त हात."

काकांनी गोलाकडे पाहिलं. मग समोर, बाबांकडे. बाबांनी खिशातून हात काढला आणि नुसता वर करून दाखवला: असा.

काका गोलात जाऊन उभे राहिले. पाय सवयीने फाकले; त्यांनी खाली बघून ते जवळ घेतले.

"इथं?"

"अजून थोडं बाहेर."

ते सरकले.

भोंगा जिना चढून वर गेली. दोरावर तिघे तयार होते. तिने खाली पाहिलं: उजवीकडे एक भाऊ, डावीकडे एक भाऊ, मध्ये रिकामी पायरी. दोघांचीही तोंडं मिटलेली.

"सोड," ती म्हणाली.